समरी सूटमध्ये बचावाची परवानगी : नाशिकच्या एका वकील कार्यालयाचे काम

अंबडमधील आमच्या कारखान्यावर कच्च्या मालाच्या पुरवठादाराने थकीत बिलांसाठी समरी सूट (झटपट निकालासाठीचा दिवाणी दावा, ज्यात बचाव करायला प्रतिवादीला आधी न्यायालयाची परवानगी लागते) दाखल केला, तेव्हा आम्ही जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका वकील कार्यालयाकडे काम सोपवले. त्या कामाबद्दल माझे मत अतिशय चांगले आहे.

वकीलसाहेबांनी सर्वांत आधी समन्स नेमके कोणत्या तारखेला हाती पडले हे विचारले. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३७ प्रमाणे समन्स बजावल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजर होऊन पत्ता दाखल करायचा असतो. तसे न झाल्यास वादीचे म्हणणे कबूल आहे असे धरून हुकूमनामा होऊ शकतो. पुढे वादी निकालासाठीचे वेगळे समन्स बजावतो आणि त्यानंतरच्या १० दिवसांत बचावाच्या परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. नेहमीच्या दाव्याप्रमाणे थेट कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देता येत नाही, हे आम्हांला तिथेच नीट समजले.

या अर्जासाठीचे प्रतिज्ञापत्र त्यांनी आमच्या कागदांवरून उभे केले. ज्या डिलिव्हरी चलनावर स्टोअरकीपरने ‘जाडी कमी, माल बाद’ असा शेरा मारून सही केली होती ते चलन, त्याच आठवड्यातली डेबिट नोट (बाद मालाची रक्कम बिलातून वजा केल्याची चिठ्ठी) आणि पुरवठादाराला पाठवलेला ईमेल, असे सारे क्रमाने जोडले. ‘आम्ही काहीच देणे लागत नाही’ असे लिहायला मात्र त्यांनी स्पष्ट नकार दिला, कारण जेवढी रक्कम प्रतिवादी स्वतः कबूल करतो तेवढी न्यायालयात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही आणि चांगल्या मालाची बिले नाकारली असती तर खरा वादही खोटा वाटला असता. माझ्या भावाला हे तेव्हा पटले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या निकालाचा आधार देऊन त्यांनी सांगितले, की बचाव भक्कम असेल तर सहसा विनाअट परवानगी मिळते, त्याच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर रक्कम किंवा तारण देण्याची अट येते आणि बचाव निव्वळ पोकळ असेल तर परवानगीच मिळत नाही.

कबूल रक्कम भरल्यावर उरलेल्या रकमेसाठी आम्हांला विनाअट परवानगी मिळाली.

तक्रार एकच आहे : टायपिंग, झेरॉक्स आणि नोटरीचा खर्च फीव्यतिरिक्त असेल हे आधी सांगितले नव्हते. पुढच्या कैफियतीचे कामही आम्ही त्यांच्याकडेच दिले आहे.