वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंतची तार: आरएस-२३२ की आरएस-४८५?

वजनकाट्याचा इंडिकेटर, टाकीचा लेव्हल सेन्सर किंवा पॅनेलमधला मीटर संगणकाला जोडायचा असेल, तर बहुतेक वेळा निवड आरएस-२३२ आणि आरएस-४८५ या, तारेवरून माहिती पाठवण्याच्या दोन मानकांतूनच करावी लागते. लातूरजवळच्या एका डाळमिलचे विद्युत काम मी अनेक वर्षे सांभाळतो आहे आणि तिथल्या काट्यासाठी आधी आरएस-२३२ व नंतर आरएस-४८५ असे दोन्ही वापरले आहेत. बॉड रेट म्हणजे काय आणि एकाच तारेवरून बिट एकामागून एक कसे जातात, हे वाचकांना ठाऊक आहे असे धरून लिहितो.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. हे दोन्ही म्हणजे दोन वेगवेगळ्या भाषा नव्हेत. एक स्टार्ट बिट, मग बहुधा आठ डेटा बिट आणि शेवटी स्टॉप बिट ही मांडणी दोन्हीकडे सारखीच चालते. फरक आहे तो हे बिट तारेवर कोणत्या व्होल्टेजने मांडायचे, एवढ्यापुरताच. आरएस-२३२ हे मानक १९६० साली आले, ते टर्मिनल (माहिती टंकायचे यंत्र) आणि शेजारी ठेवलेला मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून माहिती पाठवणारे उपकरण) यांना जोडण्यासाठी. दोन्ही उपकरणे एकाच खोलीत आहेत, हे त्यात गृहीतच होते. म्हणून तिथे प्रत्येक सिग्नल एका सामाईक ग्राउंड तारेच्या तुलनेत मोजला जातो: उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. आरएस-४८५ आले १९८३ साली. त्यात पीळ दिलेल्या दोन तारांमधला फरक पाहिला जातो आणि तो २०० मिलिव्होल्ट असला तरी रिसीव्हरला पुरतो. बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडत असल्याने फरकात तो फारसा उमटत नाही.

आमच्या काट्याची केबिन फाटकाजवळ आहे आणि ऑफिस तिथून सुमारे साठ मीटरवर. आरएस-२३२ साठी पंधरा मीटरची मर्यादा सांगतात. पुढच्या आवृत्त्यांमध्ये लांबीऐवजी केबलची धारकता (विजेचा भार साठवण्याची क्षमता) २,५०० पिकोफॅरडपर्यंत असावी, असा निकष आला. चांगली केबल आणि ९६०० बॉड एवढ्या भरवशावर आमची तार साठ मीटरवरही चालली, आणि पावसाळा-हिवाळ्यात तर इतकी निर्वेध चालली की मर्यादेची आठवणही कोणाला राहिली नाही.

बिघडले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. तुरीची आवक जोरात असताना एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचे भरलेले वजन ऑफिसच्या पडद्यावर ८,६४० किलो आले. मुनीमजी पावती काढणार, तेवढ्यात तो शेतकरी स्वतःच म्हणाला, "मुनीमजी, एवढा माल नाही हो माझ्या गाडीत." केबिनमधल्या इंडिकेटरवर ८,२४० होते. तब्बल चार क्विंटलचा फरक! तो माणूस सरळ होता म्हणून चूक उघडकीस आली. मला खरा धक्का बसला तो या चुकीच्या जातीमुळे. पडद्यावर काहीतरी वेडेवाकडे चिन्ह उमटले असते, तर कोणीही थांबला असता. पण '२' या आकड्याचा कोड ००११००१० असा आहे आणि '६' चा ००११०११० असा. एकच बिट उलटला, की खोटा आकडाही खऱ्यासारखाच दिसतो. आमच्या इंडिकेटरची पॅरिटी, म्हणजे उलटलेला बिट ओळखण्यासाठी जोडला जाणारा जादा बिट, बंद होती. ती चालू असती तर ही चूक पकडली गेली असती, हे मान्य केले पाहिजे. पण पकडणे वेगळे आणि मुळात होऊ न देणे वेगळे.

धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर सुरू होण्याच्या क्षणीच हे घडते, हे ध्यानात यायला मला आठवडा लागला. केबिनचे अर्थिंग वेगळे, ऑफिसचे वेगळे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा आटतो आणि जमिनीशी असलेला संपर्क ढिला पडतो. दोन्ही अर्थिंगच्या मध्ये मल्टिमीटर लावला, तर मोटर सुरू होताना आकडा स्थिर राहीना. ज्या ग्राउंडच्या तुलनेत आरएस-२३२ प्रत्येक बिट ओळखते, ते ग्राउंडच दोन टोकांना एकसारखे उरले नव्हते. खड्ड्यात चार घागरी पाणी ओतले की तीन-चार दिवस वजने बरोबर यायची, मग पुन्हा तेच. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचे वजन खड्ड्यातल्या ओलाव्यावर अवलंबून राहावे, हे मला पटेना.

आरएस-४८५ घेतल्यापासून तीन उन्हाळे गेले आणि तशी एकही तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. याला मी पुरावा म्हणणार नाही, कारण त्याच वेळी केबलही नवी, पीळ असलेली आणि शील्डची टाकली होती.

आरएस-४८५ च्या अडचणीही आहेत. दोन तारांच्या जोडणीत एका वेळी एकानेच बोलायचे असते, त्यामुळे पाळी सांभाळणारे प्रोग्रॅमिंग लागते. आमचा इंडिकेटर नुसतेच वजन पाठवत असल्याने तो प्रश्न आला नाही. तार एका उपकरणातून पुढच्यात अशी साखळीने न्यावी लागते. आपल्याकडचे वायरमन दिव्यांच्या पॉइंटसारख्या एका डब्यातून चहूकडे फांद्या काढतात. ते इथे चालत नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो. दोन तारांची ए आणि बी ही नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी काहीच चालले नाही तर आधी तारा उलट करून पाहाव्यात. आणि "दोनच तारा पुरतात" हे अर्धेच खरे आहे. दोन टोकांच्या ग्राउंडमधल्या फरकामुळे रिसीव्हरला दिसणारे तारांवरचे व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या पट्ट्याबाहेर गेले, तर आरएस-४८५ ही हात टेकते. म्हणून तिसरी सामाईक तार टाकावी, किंवा आयसोलेशन असलेला, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवणारा, कन्व्हर्टर (एका मानकाचा सिग्नल दुसऱ्यात बदलणारे उपकरण) घ्यावा.

टेबलावरच्या टेबलावर, एकाच खोलीत, एकाच बोर्डावरून वीज घेणारी दोन उपकरणे जोडायची असतील, तर मी आजही आरएस-२३२ च घेईन. तिथे ते स्वस्त आणि सरळ पडते, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येते. पण तार एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणार असेल, किंवा पुढेमागे त्याच तारेवर आणखी उपकरणे जोडायची असतील (मूळ मानकाप्रमाणे ३२ पर्यंत जोडता येतात), तर माझा कल कोणीकडे आहे, हे सांगायला नको.

इंडिकेटरला आरएस-२३२ चेच तोंड असेल तरी अडत नाही. आमचाही तसाच आहे. कन्व्हर्टर इंडिकेटरच्या शेजारीच बसवावा, म्हणजे आरएस-२३२ ची तार हातभरच राहते आणि उरलेले अंतर आरएस-४८५ वरून जाते. कोणत्या रंगाची तार कोणत्या टर्मिनलला जाते, हे कागदावर लिहून मी तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला आहे.