निधी आला तर आधी कुठे लावायचा: रस्ता रुंद करायला की जुनी पेठ नीट करायला?

तालुक्याच्या गावात हा वाद चार-दोन वर्षांनी उभा राहतोच. सरकारकडून निधी येणार असतो. एक गट म्हणतो, बाजारातला रस्ता रुंद करा. दुसरा म्हणतो, आहे ती पेठ चालण्याजोगी करा. नगरपरिषदेच्या सभेत, व्यापारी संघात किंवा गल्लीतल्या मंडळात तुम्हाला यावर मत द्यायचं असेल, तर दोन्ही कामं गावाच्या तिजोरीच्या बाजूने तपासून बघा. माझं मत आधीच सांगते: पेठ आधी.

रुंदीकरण अनुदानातून होतं, म्हणून ते फुकटात पडल्यासारखं वाटतं. पण पुढचं डांबर, दिवे, गटारं, झाडलोट हे सगळं कायमचं नगरपरिषदेच्या गळ्यात पडतं. जकात गेल्यापासून नगरपरिषदेची स्वतःची कमाई मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. रुंदीकरणात दुकानांच्या दर्शनी बाजू पडतात. म्हणजे सांभाळायचा रस्ता वाढतो आणि त्याच वेळी घरपट्टी देणारी जागा घटते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ब्रेनर्ड नावाचं छोटं गाव आहे. चार्ल्स मरोन हे तिथले सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी एकाच रस्त्यावरच्या, सारख्याच आकाराच्या दोन जागांचं करमूल्य, म्हणजे ज्यावर कर आकारला जातो ती किंमत, शेजारी शेजारी मांडलं. एका जागेवर जुनी, रया गेलेली, एकमेकांना चिकटून उभी असलेली छोटी दुकानं. दुसरीवर तसलीच दुकानं पाडून बांधलेलं, गाडीत बसूनच खाणं घेता येणारं नवंकोरं हॉटेल आणि भोवती पार्किंग. जुन्या दुकानांचं मूल्य भरलं सुमारे ११ लाख डॉलर, नव्या हॉटेलचं सुमारे ८ लाख. गावाने ज्याला विकास म्हटलं, त्यातून कर कमी येत होता. आपल्या गावात हा हिशेब करायला सल्लागार लागत नाही. जुन्या पेठेतल्या गुंठाभर जागेची घरपट्टी आणि बायपासवरच्या शोरूमच्या गुंठाभर जागेची घरपट्टी कर विभागातून काढून ताडून बघा.

मोठं काम चुकलं की दुरुस्त करणंही अवघड जातं. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये पाडावा लागला. पेठेत चालायला जागा मोकळी करण्याचा प्रयोग मात्र चुन्याच्या रेघा, रिकामे ड्रम आणि कुंड्या यांवर एका रविवारी करता येतो. जमलं तर पक्कं करा, नाही तर सोमवारी उचला. पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद ठेवतात, तोही असाच मार्ग.

पेठ नीट करायची म्हणजे नेमकं काय? आपल्याकडचा फुटपाथ बहुतेक ठिकाणी फूटभर उंच असतो. त्यावर दुकानाच्या पायऱ्या, विजेची डीपी, मोटारसायकली आणि मधेच उघडं चेंबर. गुडघे दुखणारी आजी तिथे चढतच नाही, रस्त्यानेच जाते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषानुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. टेप घेऊन चार मुलं एका संध्याकाळी अख्खी पेठ मोजू शकतात. भाजीवाल्यांना मात्र हुसकावू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांची नोंदणी करून जागा ठरवून द्या. पायी येणारं गिऱ्हाईक त्यांच्यामुळेच येतं.

“गिऱ्हाईक गाडीने येतं” ही दुकानदारांची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नये. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या सुमारे ८० हजार वस्तीच्या शहराने १९९९ पासून मधल्या भागातून आरपार जाणारी वाहतूक बंद केली. माल उतरवायला आणि रहिवाशांना मुभा ठेवली. हे करणाऱ्या महापौरांना तिथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं.

लोकांच्या जोरावर चालणाऱ्या कामाचं दुखणं वेगळं आहे. उत्साही मंडळी थकली की महिन्याभरात पदपथावर पुन्हा मोटारसायकली लागतात. श्रमदानातून रंग होतो, कुंड्या होतात, गटाराचा उतार मात्र सुधारत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद आणि जबाबदार कर्मचारी हवाच. पुणे महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते, तशी सोय आपल्याकडे ठरावाने करून घेता येईल.

रुंदीकरण कधी बरोबर? अग्निशमनाची गाडी वळत नसेल, तर तेवढा कोपरा मोकळा कराच. महामार्गच पेठेतून जात असेल आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागत असेल, तर बाह्यवळण रस्ता घ्या. पण त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांना परवानगी देऊ नका, नाही तर दहा वर्षांत तिथेही तीच कोंडी होईल.

सभेत एक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या: पाच वर्षांनी या कामाची डागडुजी अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) होणार आणि तिथे आज किती पैसे आहेत? याचं लेखी उत्तर मिळेपर्यंत रुंदीकरणाच्या ठरावाला हात वर करू नका. पेठेच्या ठरावालाही हाच प्रश्न विचारा.