दिंडोरीच्या उतारावरची वाइन, नागपूरच्या उन्हाळ्यात

दिंडोरी तालुक्यातील एका टेकडीच्या उतारावर असलेल्या द्राक्षमळ्याच्या दोन वाइन एप्रिलमध्ये नागपुरात विकत घेतल्या, एक पांढरी सोव्हिन्यो ब्लाँ आणि एक लाल शिराझ. पांढरी थंड करून उघडताच आधी चिरलेल्या ढोबळी मिरचीचा आणि मागोमाग पेरूचा वास आला. पहिल्या घोटाची स्वच्छ आंबटी तर जिभेच्या कडांवर बराच वेळ रेंगाळली.

या आंबटीचे बरेचसे श्रेय नाशिकच्या हिवाळ्याला द्यावे लागेल. सुमारे ६०० मीटर उंचीवरील या पट्ट्यात ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, होते, त्यामुळे द्राक्षे पावसाळा चुकवून थंडीत पिकतात आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. दिवसाच्या उन्हात साखर भरत जाते, तर रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला की मण्याला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल खर्च होण्याचा वेग मंदावतो. उताराचा हिशेब वेगळा आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या मुरमाड जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होतो, वेल पानांचा पसारा आवरता घेतो आणि मणी लहान राहतात. काटोलच्या संत्राबागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण बहारासाठी झाडाचे पाणी तोडून ताण देणे आणि भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की डिंक्याची, म्हणजे खोडातून डिंक वाहण्याच्या रोगाची, धास्ती घेणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

लहान मण्यात गराच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतूनच उतरतो. शिराझ त्यामुळे गडद आहे, मिरीचा वासही आहे, पण ओकच्या पिंपातील व्हॅनिला इतका पुढे येतो की मळा मागे पडतो. सावजी रश्शासोबत ती घेण्याचा आमचा उत्साह तर साफ फसला, कारण तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकले. पांढरी मात्र कोथिंबिरीच्या सांबारवडीसोबत उत्तम जमली.

तक्रार आहे ती दुकानाबद्दल. मे महिन्यात त्याच सोव्हिन्योची दुसरी बाटली घेतली, ती रस्त्याकडील काचेच्या फळीवर उन्हात उभी होती. रंग तपकिरीकडे झुकलेला, वास शिजवलेल्या सफरचंदाचा, आणि आंबटीतली धार गेलेली. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ असे ऐकवून दुकानदाराने ती बदलून देण्याचे टाळले. आता मी बाटलीवरील वर्ष वाचतो आणि आतल्या खोक्यातलीच बाटली मागतो.