रक्तपेढी: आतल्यांना पाच तारे, खिडकीला दोन

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीबद्दल लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही. तक्रार एका खिडकीची आहे आणि ती मी तिथंच लेखी देऊन आलोय.

बायकोचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन ठरलं आणि हिमोग्लोबिन निघालं ६.८. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: बी पॉझिटिव्ह, पीसीव्ही (रक्तातल्या नुसत्या लाल पेशी) दोन पिशव्या. म्हणजे एक पिशवी काढायची आणि दोन चढवायच्या. चिठ्ठी आणि तिच्या रक्ताच्या नळ्या घेऊन मी आणि पुतण्या संध्याकाळी सातला पोचलो.

खिडकीवरच्या मुलीनं कॉम्प्युटरवर बघितलं, साठा आहे म्हणाली. आणि लगेच, "काका, दोन डोनर द्या, मग क्रॉसमॅचला लावते." क्रॉसमॅच म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतंय का ते बघणं.

मी इन्सुलिनवर, माझं चालत नाही. पुतण्या उत्साहानं आत गेला. वजन, बीपी, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, कावीळ झालेली का, दात काढलाय का, सगळं विचारलं. सुईसाठी बाही वर केली तर दंडावर छत्रपतींचा टॅटू. "कधी काढला?" "सात महिने झाले." डॉक्टरीणबाईंनी फॉर्म बाजूला ठेवला. "वर्ष पूर्ण झाल्यावर या." मी गयावया केली, बाई हलल्या नाहीत. टॅटूच्या सुईतून कावीळ किंवा एचआयव्ही आला असेल तर सुरुवातीला तो चाचणीत सापडेलच असं नाही, म्हणाल्या. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी होतेच, तरीही. त्या क्षणी राग आला खरा. पण जी बाई मला 'नाही' म्हणते ती दुसऱ्या कुणालाही म्हणत असणार, आणि त्याच दुसऱ्या कुणाचं तरी रक्त माझ्या बायकोला चढणार होतं. पाच तारे तिथले.

परत खिडकीवर. बिल आलं ३,७००. दोन पिशव्यांचे ३,१०० आणि खाली 'इतर' ६००. इतर म्हणजे काय? "डोनर दिला नाही ना काका."

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली. तिकीट न फाडता पैसे घेतले की चेकिंगवाले घरी बसवतात, त्यामुळं 'इतर' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. शिवाय डेपोत रक्तदान शिबिरं लावायचो, तेव्हाची माहिती होती. मी म्हटलं, ताई, रक्ताला किंमत नसते, तुम्ही घेता तो प्रक्रियेचा खर्च. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं खासगी पेढीला पिशवीमागं १,५५० ची मर्यादा घातलीय, सरकारीला १,१००. तुमच्याच भिंतीवरचा फलक हेच म्हणतोय. जादा तपासणी केली असेल तर तिचं नाव बिलात घाला, देतो. बदली डोनरची सक्ती मात्र करता येत नाही.

आतून इनचार्ज आले, फलकाकडं बघितलं, ६०० खोडले, पक्की पावती दिली. वाद चार मिनिटांचा. पण माझ्यामागं जतकडच्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी काय केलं असतं?

नोकरीला लागलो तेव्हा दवाखान्यांबाहेर रक्त विकणारे असायचे, पैशासाठी पुन्हा पुन्हा देणारे. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. कायद्यात रक्त हे औषध आहे, म्हणून पेढीचं लायसन्स आणि तपासणी एफडीएकडं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडं. इथं लायसन्स दर्शनी भागात, काचेत लावलेलं होतं. मी मुदत वाचली. सवय.

दीड तासानं पिशव्या आल्या. बी गटाचं लेबल गुलाबी असतं, हे माहीत नव्हतं (ओ निळं, ए पिवळं, एबी पांढरं). त्यावर पिशवीचा नंबर, रक्त घेतल्याची तारीख, मुदतीची तारीख. टेक्निशियन पोरानं नंबर माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, चिठ्ठीशी जुळवला, बर्फाच्या डब्यात ठेवून दिल्या. "वाटेत चहाला थांबू नका. डब्यातून बाहेर काढली की अर्ध्या तासात चढवायला सुरुवात झाली पाहिजे, आणि गरम पाण्यात अजिबात धरू नका." थांबलो नाही. पुतण्या मागं डबा मांडीवर घेऊन, मी स्कूटर तीसच्या वर नेली नाही.

बसायला चारच खुर्च्या, पाण्याचा कूलर बंद, गाडी लावायला जागा नाही. एकूण साडेतीन तारे.

बायको आता घरी आहे, हिमोग्लोबिन १०.४. पुतण्याच्या टॅटूला फेब्रुवारीत वर्ष होतंय, तो द्यायला जाणार आहे. मीही सोबत जाईन. 'इतर' अजून चालू आहे का ते बघायचंय.