‘डी के व्ही के एस वाय’ म्हणजे काटोल : पेपरलेस-एनजीएक्स आठ महिने वापरल्यावर

पेपरलेस-एनजीएक्स या स्कॅन केलेले कागद साठवून शोधायच्या सॉफ्टवेअरबद्दल हे लिहायला घेतलं होतं एप्रिलमध्ये, रागाच्या भरात. तेव्हाचं पहिलं वाक्य असं होतं : ‘मराठी कागद असतील तर या भानगडीत पडू नका.’ ते आता खोडलं आहे. पण राग का आला होता ते सांगते, कारण तो सेटिंगच्या एका ओळीमुळे आला होता आणि ती ओळ मला आधी कोणी सांगितली असती तर माझा उन्हाळा वाचला असता.

आमचं दिवाणी वकिलीचं ऑफिस आहे, नागपुरात धरमपेठेत. बाबांपासून चालत आलेलं. लोखंडी कपाटं पाच, मुन्शीजी एक, आणि बाबांच्या वेळच्या फायली किती ते देवाला ठाऊक. आधी कागद ठेवायला एका कंपनीचं पैसे भरून वापरायचं सॉफ्टवेअर होतं. दरवर्षी नूतनीकरणाचा आकडा वाढायचा आणि दरवर्षी तोच माणूस फोनवर सांगायचा, ‘मॅडम, या वर्षी खूप नवीन फीचर्स आली आहेत.’ मला एकच फीचर हवं होतं, शोधलेला कागद सापडणं. गेल्या दिवाळीनंतर नाही म्हणून सांगितलं. पेपरलेस-एनजीएक्स फुकट, उघड्या स्रोताचं (ओपन सोर्स), आणि आपल्याच मशिनवर चालणारं. पक्षकार वकिलाला जे विश्वासाने सांगतो त्याला साक्ष अधिनियमातच संरक्षण आहे (पूर्वी कलम १२६, आता नव्या कायद्यात १३२), तेव्हा ते कागद कुणाच्या तरी सर्व्हरवर ठेवायला माझं मन कधीच घेत नव्हतं. घरातला जुना आय-थ्री, आठ जीबी रॅम, नवी एसएसडी तेवढी घातली. बसवून देणाऱ्या पोराने चार हजार घेतले आणि तीन चहा.

मुळात काय आहे ते तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थोडक्यात. एक फोल्डर असतं, त्यात फाईल टाकायची, ते ती उचलतं, टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रामने वाचतं (चित्रातली अक्षरं ओळखायच्या या कामाला ओसीआर म्हणतात), मूळ प्रत वेगळी ठेवतं, शोधता येईल अशी पीडीएफ-ए प्रत वेगळी करतं, आणि फोल्डर रिकामं करतं. हे शेवटचं मी मुन्शीजींना सांगायला विसरले. पहिल्या दिवशी त्यांनी साठेक स्कॅन टाकले, हात धुऊन आले आणि पाहतात तर फोल्डरमध्ये काही नाही.

‘ताई, हे तर फायली खाऊन राहिलं ना!’

‘खात नाही मुन्शीजी, आत घेतं.’

‘आत म्हणजे कुठं? मले दाखवा.’

दाखवलं. मूळ प्रतींचं फोल्डर उघडून एकेक फाईल मोजून घेतल्यावरच त्यांनी चहा घेतला. तरी महिनाभर ते प्रत्येक फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवत होते, हे मला नंतर कळलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सुरुवातीचे दोन अडथळे पटकन सांगते. पहिला भाषेचा. दोन वेगळ्या सेटिंग आहेत आणि त्यांच्या नावांत फक्त शेवटच्या एका ‘एस’चा फरक आहे. एक भाषेचा संच आणून बसवते, दुसरी सांगते की वाचताना कुठल्या भाषा धरायच्या. मराठी आपसूक येत नाही. फक्त संच बसवला आणि दुसरी ओळ विसरली तर ते देवनागरीला इंग्रजी समजून वाचतं आणि जे निघतं ते चेटूक असतं. आम्ही मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही घातल्या. हिंदी का, असं पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं. अगं, १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, बाबांच्या पक्षकारांचे जुने दस्त मालगुजारीच्या काळातले, त्यात हिंदी ढिगाने आहे. तीन भाषांमुळे वेग मंदावतो, पण इलाज नाही.

दुसरा अडथळा स्कॅनरचा. आमचा स्कॅनर दुसऱ्या मशिनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये नवीन काही आलं हे याला आपोआप कळत नाही. ठरावीक सेकंदांनी फोल्डर तपासत राहा, असं वेगळं सांगावं लागतं. सांगितलं, चाललं. संपला विषय.

डिसेंबरात अधिवेशन चालू होतं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे गाडी न्यायची म्हणजे शिक्षाच, म्हणून तारीख नसेल त्या दिवशी ऑफिसातच बसून आम्ही जुन्या संगणकातल्या सगळ्या पीडीएफ आत ओढल्या. विभागवार फोल्डर केले होते, आणि पोटफोल्डरच्या नावाचा टॅग लावायची सोय चालू केली, त्यामुळे ‘वाटणी’, ‘बेदखली’, ‘मनाई हुकूम’ असे टॅग आपोआप लागले. मध्ये दोनदा लाइट गेली. अर्धवट राहिलेली फाईल फोल्डरमध्येच होती, मशीन चालू झाल्यावर पुन्हा उचलली. जानेवारीत मी दोघातिघांना छातीठोकपणे सांगितलं, घ्या म्हणून.

आणि मग एप्रिल.

काटोलच्या एका संत्र्याच्या बागेचा वाटणीचा दावा. समोर पक्षकार बसलेले, तिघे भाऊ, आणि त्यांना २०११ सालचा लेखी जबाब पाहायचा होता. मी ऐटीत स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, ‘काटोल’ टाकलं. तीन कागद आले. तिन्ही भलतेच. दाव्याचा जबाब नाही, अर्ज नाही, काही नाही. मधला भाऊ हळूच म्हणाला, ‘मॅडम, कपाटातच पाहा ना.’ मुन्शीजी उठले आणि चार मिनिटांत फाईल घेऊन आले. माझी काय शोभा झाली ते सोडा.

संध्याकाळी तोच जबाब यादीतून हाताने शोधून काढला. कागद आत होता. टॅग बरोबर, उघडला की डोळ्यांना मराठी स्वच्छ दिसते. मग ‘मजकूर’ची टॅब उघडली आणि तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा. ‘काटोल’च्या जागी डी, के, व्ही, के, एस, वाय.

मी शिव्या द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात मुन्शीजी चष्मा पुसत वाकून म्हणाले, ‘हे तर कृतिदेव होय ना ताई.’

तर प्रकरण असं आहे. २०११ च्या सुमारास आमच्याकडे सगळं टायपिंग कृतिदेवमध्ये व्हायचं. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त चेहरा मराठी चढवलेला असतो. वर्डमधून थेट पीडीएफ केली की आत ती इंग्रजी अक्षरंच जातात. आता पेपरलेसची मूळ सेटिंग अशी की पानावर आधीच मजकूर असेल तर ते पान पुन्हा वाचायच्या भरीला पडायचं नाही. इंग्रजी कागदांसाठी हे शहाणपणाचं आहे, वेळ वाचतो. आमच्या कागदांना त्याने पाहिलं, आत मजकूर आहे, चला पुढे. चूक काही नाही, इशारा काही नाही, हिरवी टिकमार्क. माझं सगळं भांडण या हिरव्या टिकमार्कशी आहे. फाईल नाकारली असती तर मला डिसेंबरातच कळलं असतं.

पण त्या संध्याकाळची खरी गंमत पुढे आहे. मुन्शीजी रेमिंग्टन टाइपरायटरवर शिकलेले, सरकारी मराठी टायपिंगची परीक्षा पास, आणि कृतिदेवची कळमांडणी रेमिंग्टनचीच. ते म्हणाले, ‘सरका ताई.’ शोधाच्या चौकटीत कर्सर ठेवला, कळफलक साधा इंग्रजीच, आणि स्क्रीनकडे न पाहता बोटांनी ‘काटोल’ टाइप केलं. मधल्या ‘ट’ला करंगळी शिफ्टवर गेली तेवढीच. स्क्रीनवर डी के व्ही के एस वाय. एंटर.

एक्केचाळीस कागद.

‘अजून काय शोधायचं?’ असं त्यांनी ज्या थाटात विचारलं, तो थाट मी विसरणार नाही. पुढचा महिनाभर आमचं ऑफिस असंच चाललं. मी शब्द सांगायची, ते वाजवायचे. जोडाक्षर नसलेल्या साध्या शब्दांना हे मस्त चालतं. जिथे कृतिदेव विरामचिन्हाची कळ वापरतं तिथे शब्द तुटतो आणि शोध फसतो. श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलींना हा उपाय लागूच नाही, त्यांची आतली मांडणी वेगळी. त्या तीसएक होत्या, डोळ्यांनी शोधल्या.

कायमचा इलाज उन्हाळी सुटीत केला. इथे मी एक रात्र वाया घालवली, ती तुम्ही घालवू नका. ओसीआरच्या पद्धतींत ‘रीडू’ नावाची एक आहे. नावावरून वाटतं हीच. नाही. ती फक्त आधीच्या ओसीआरचा लपलेला थर काढून नवा घालते, पानावर उघड टाइप केलेला मजकूर तसाच धरते. कृतिदेवचा मजकूर उघडच असतो, त्यामुळे सकाळी पाहते तर डी के व्ही के जिथल्या तिथे. लागते ती ‘फोर्स’. ती आधी पानाचं सरळ चित्र करते आणि मग ते चित्र वाचते.

‘फोर्स’ कायमची चालू मात्र ठेवू नका. चांगल्या इंग्रजी पीडीएफचंही ती चित्र करते आणि आकार फुगतो. आमची दीडशे केबीची एक फाईल दीड एमबीच्या वर गेली. मूळ प्रत शाबूत राहते, पण जागा दुप्पट-तिप्पट जातेच. आम्ही केलं ते असं : आधी खराब फायली गोळा केल्या. कशा? मुन्शीजींनीच सुचवलं, दाव्याच्या प्रत्येक कागदात ‘वादी’ असतोच. ‘वादी’ म्हणजे ओ, के, एन, एच. हे शोधलं, जे आले त्या सगळ्यांना ‘कृतिदेव’ असा टॅग लावला, ‘फोर्स’ चालू करून मशीन पुन्हा सुरू केलं, टॅगवरचे सगळे निवडले आणि पुन्हा प्रक्रिया करायला सांगितलं. पावणेचारशे कागद, दोन रात्री. मे महिन्यातल्या नागपूरच्या रात्री, खोलीतला कूलर माझ्याऐवजी सीपीयूकडे तोंड करून. काम झाल्यावर सेटिंग पुन्हा मूळ जागी.

आता ‘काटोल’ टाकलं की काटोल येतं. आकारान्ताचा काना कधी खातं, ‘श’चा ‘रा’ करतं, पण छापील कागदावर माझी तक्रार नाही. हाताने लिहिलेल्यावर आशा ठेवू नका.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्यांचं वेगळं आहे. सही असलेल्या पीडीएफला ते हात लावत नाही, आत जो मजकूर असेल तोच घेतं. ‘फोर्स’ केलं तरी तेच. सही मोडून वाचायची सोय आहे म्हणे, पण मला ती नको. त्यांना मी गट क्रमांक शीर्षकातच घालते.

तारखांचं रडगाणं थोडं आहे. मजकुरात जी पहिली तारीख सापडेल ती कागदाची धरतं. आमच्या दाव्यात पहिल्याच परिच्छेदात विक्रीपत्राची तारीख असते, त्यामुळे गेल्या वर्षीचे दावे १९८७ चे म्हणून बसले. तारीखच नाही सापडली तर फाईलची तारीख लावतं, म्हणजे आजोबांच्या वेळचे दस्त गेल्या डिसेंबरातले. हाताने दुरुस्त करतो, शनिवारी, गाणी लावून.

दुबार फाईल मात्र अचूक पकडतं. पक्षकार तीच पीडीएफ व्हॉट्सॲपवर चार वेळा पाठवतात, तीन वेळा नाकारली जाते. तोच कागद पुन्हा स्कॅन केला तर ती वेगळी फाईल धरतं, ते साहजिक आहे. एकदा मी चुकून काढलेली फाईल परत टाकायला गेले तर ‘आधीच आहे’ म्हणे. कुठे आहे? कचरापेटीत. तीस दिवस तिथे राहते, तोवर नवी घेत नाही. पेटीतूनच परत काढायची असते.

आणि ज्यासाठी मी दोन तारे वाढवले ते शेवटी. मूळ दस्त, म्हणजे पक्षकारांनी विश्वासाने ठेवायला दिलेली विक्रीपत्रं, आखीव पत्रिका वगैरे, यांची मुन्शीजींची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक दस्ताला क्रमांक, क्रमांकाप्रमाणे कपाटात जागा. पेपरलेसमध्ये प्रत्येक कागदाला असा संग्रह क्रमांक द्यायची जागा आधीपासूनच आहे, आणि क्यूआरचं स्टिकर लावून स्कॅन केलं तर तो स्वतः वाचून घेतो. मुन्शीजींना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे यायलेबी वही ठेवा लागते.’

त्यांच्या वहीतले क्रमांक जसेच्या तसे घातले. एकच क्रमांक दोन कागदांना ते देऊ देत नाही, आणि १२०८ वर अडलं. वहीत पाहिलं तर १२०८ दोनदा, दोन वेगळ्या शाईंत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मुन्शीजींनी दुसऱ्याला ‘१२०८ अ’ करा म्हटलं, सॉफ्टवेअर अक्षर घेईना. त्यावर दोन दिवस अबोला होता, माझ्याशी नाही, संगणकाशी. शेवटी त्याला वहीच्या टोकाचा नवा क्रमांक दिला आणि जुन्या जागी लाल शाईत ‘पाहा’ लिहिलं.

स्टिकर सध्या बंद आहेत. मेच्या उन्हात कपाटातल्या कपाटात त्यांचा डिंक सुटला आणि अकरा स्टिकर तळाशी सापडले. आता मुन्शीजी क्यूआर साध्या कागदावर छापून, कापून, दोऱ्याने टाचतात. स्कॅन करताना तो दोरा सरळ धरावा लागतो, एवढंच.