आईचा गुडघा आणि कोथरूडचं आमचं छोटं फिजिओ क्लिनिक
आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, घरी आली तेव्हा गुडघा जेमतेम ६० अंश वाकायचा आणि वाकवायला गेलं की डोळ्यात पाणी. इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी मशीन काढलंच नाही, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि गुडघा खाली दाबायला लावला, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, मग टाच गादीवरून हळूहळू मागे सरकवायची, बस एवढंच, पण घरी रोज तीनदा. दिवाळीपर्यंत ११० अंशांवर आलो! आता जिना चढते, कठडा धरून का होईना.

जागा लहानच आहे, दोन बेड आणि मध्ये पडदा, संध्याकाळी अर्धा तास थांबावं लागतं. पण कुणालाही घाईघाईत उरकत नाहीत.

वर्ष संपता संपता कळलं की ज्युनिअर ताई एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालल्यात, शेवटच्या दिवशी आईने बेसनाचे लाडू नेले आणि दोघीही रडल्या. जानेवारीपासून नवीन डॉक्टर येतायत आणि सकाळी सातची वेळपण सुरू होतेय, नोकरीवाल्यांची मोठी सोय झाली.

जाताना सैल सलवार घालून जा, साडीत व्यायाम नीट होत नाही.