विषयशीर्षकांवरून शोध : आठ महिन्यांच्या वापरानंतर

क्षयरोगाचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. बराच काळ मी ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) आणि संशोधनाच्या डेटाबेसमध्ये सुचेल तो शब्द टाकून शोध घेत असे आणि जे हाती येई तेवढेच उपलब्ध आहे असे धरून चालत असे. गेले आठ महिने मी विषयशीर्षकांचा, म्हणजे साहित्याचा विषय सांगण्यासाठी नोंदीला जोडलेल्या ठरावीक शब्दांचा, नेमाने वापर करतो आहे, आणि पूर्वी किती साहित्य माझ्या नजरेतून सुटले होते हे आता स्पष्ट दिसते.

अडचण रोगाच्या नावापासूनच सुरू होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात या रोगाला ‘कन्झम्प्शन’ किंवा ‘थायसिस’ म्हटलेले आढळते. ‘कन्झम्प्शन’ हा शब्द टाकला, की विजेच्या वापरापासून ग्राहकांच्या खर्चापर्यंतच्या नोंदींचा ढीग समोर येतो आणि हवे ते पुस्तक त्यात बुडून जाते. विषयशीर्षकाचे तसे नसते. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, तालिकाकार ते पुस्तक चाळून ‘ट्युबरक्युलोसिस’ या एकाच ठरलेल्या शीर्षकाखाली त्याची नोंद करतो. मला सर्वांत मोठा लाभ झाला तो रुग्णांच्या आठवणींच्या बाबतीत. अशा पुस्तकांच्या नावांत रोगाचा उल्लेख बहुधा नसतोच, त्यामुळे शब्दावरून ती सापडणे जवळजवळ अशक्य असते. पण ‘ट्युबरक्युलोसिस – पेशंट्स – बायोग्राफी’ या शीर्षकाखाली ती एकत्र मिळतात.

नेमके शीर्षक कोणते, हे आधीच ठाऊक असावे लागत नाही. मी नेहमीप्रमाणे शब्दावरून शोध घेतो, उपयोगाचे एखादे पुस्तक सापडले की त्याची पूर्ण नोंद उघडतो, तिच्यात दिलेली शीर्षके उतरवून घेतो आणि त्यांवरून नव्याने शोध घेतो. एका चांगल्या नोंदीवरून दुसरी अशी ही वाट अजून मला क्वचितच फसली आहे.

सुरुवातीला मी एक चूक केली, आणि ती बरेच दिवस लक्षात आली नाही. व्यापक शीर्षक घेतले की त्यात सगळे येईल, अशा समजुतीने मी ‘लंग्ज – डिसीझेस’ हे शीर्षक पाहत बसलो. ग्रंथालयाच्या तालिकांचे तत्त्व वेगळे आहे. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी तालिका करण्याच्या १८७६ च्या आपल्या नियमांत सांगितले होते, की पुस्तकाची नोंद त्याच्या नेमक्या विषयाखाली करावी, तो विषय ज्या मोठ्या वर्गात मोडतो त्याखाली नव्हे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतील ग्रंथालयाची, १८९८ पासून वाढत आलेली आणि जगभर वापरली जाणारी शीर्षकयादी याच तत्त्वावर चालते. त्यामुळे केवळ क्षयावरचे पुस्तक फुप्फुसांच्या रोगांखाली शोधणे व्यर्थ ठरते. त्याच ग्रंथालयाच्या नियमानुसार एखाद्या विषयाने पुस्तकाचा साधारण २० टक्के भाग व्यापला असेल तरच त्याला शीर्षक मिळते. म्हणून दहा-पंधरा निबंधांच्या संग्रहातला क्षयावरचा एकुलता निबंध या मार्गाने हाती लागत नाही. त्यासाठी अनुक्रमणिका चाळण्याला पर्याय नाही.

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमधील ‘मेश’ ही शीर्षकपद्धती मात्र उलट वागते, आणि वैद्यकीय लेखांसाठी मला ती अधिक सोयीची वाटली. १९६० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या शब्दसंग्रहाची रचना फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी आहे. वरचे शीर्षक निवडले की त्याखालची सगळी संकुचित शीर्षके शोधात आपोआप येतात, त्यामुळे ‘ट्युबरक्युलोसिस’ घेतल्यावर फुप्फुसांचा क्षय आणि मणक्याचा क्षय वेगळा मागावा लागत नाही. शीर्षकाला ‘हिस्टरी’ हे उपशीर्षक जोडले, की उपचारांवरचे असंख्य लेख गळून पडतात. माझ्या कामासाठी ही एकच सोय पुरेशी मोलाची ठरली.

उणिवाही आहेत आणि त्या गंभीर आहेत. शीर्षके काळाच्या मागे राहतात. पाककलेसाठीचे ‘कुकरी’ हे जुने शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये बदलून ‘कुकिंग’ केले, तेव्हा अमेरिकेतल्या रोजच्या बोलण्यात ‘कुकरी’ हा शब्द फारसा उरला नव्हता. कोविड-१९ ला मेशमध्ये स्वतंत्र मुख्य शीर्षक मिळाले ते २०२१ च्या आवृत्तीत, म्हणजे त्या विषयावर लेखांचा पूर येऊन गेल्यावर. अगदी नव्या विषयावर काम करणाऱ्याने म्हणूनच केवळ शीर्षकांवर विसंबू नये. शिवाय पबमेडमधील प्रत्येक नोंदीला मेश शीर्षके नसतात. नुकतेच दाखल झालेले काही लेख आणि मेडलाइन या पबमेडमधल्या निवडक नियतकालिकांच्या संग्रहाबाहेरचे लेख त्यांच्याविनाच राहतात. पहिले काही महिने हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता मी शीर्षकाचा शोध आणि लेखाच्या नावातील व सारांशातील ‘ट्युबरक्युलोसिस’, ‘थायसिस’, ‘पल्मनरी कन्झम्प्शन’ या शब्दांचा शोध ‘ऑर’ने (म्हणजे ‘किंवा’ने) जोडून एकत्र चालवतो आणि दोन्ही बाजूंनी आलेल्या नोंदी तारखेनुसार लावून वाचतो.